डावा काठ

३ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलंय. कारण काल पाणीखात्यातले साहेब अर्ध्या दाढीने उठून गेले. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर साबण, गळ्यात माझं कापड तसंच लोंबतंय, आणि भर रस्त्यातून तरातरा चाललेत. मी एवढंच म्हटलं होतं, की त्या तिकडच्या निवडणुकीत जो जिंकलाय तो दोन वर्षांत आपल्याच लोकांची बिनपाण्याने करणार. साहेब म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय हो त्यातलं?" मी म्हटलं, "कळतं म्हणूनच बोलतोय." झालं. कापड आज त्यांच्या शिपायाने आणून दिलं, चुरगळलेलं.

दुसऱ्या खुर्चीवर मेहुणा काम करतो, हिचा धाकटा भाऊ. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन म्हणजे 'मान खाली' आणि 'झालं'. काल तो पाचवं बोलला. "भावजी, महिनाभरातलं हे तिसरं गिऱ्हाईक."

रात्री ठकीचा फोन आला तेव्हा हिने चुगली केलीच. ठकी म्हणजे आमची लेक, एकुलती एक. विमानाने अकरा तास लागतात अशा गावी इस्पितळात नर्स आहे, तीन वर्षं झाली. म्हणाली, "बाबा, माणसाच्या गळ्याशी वस्तरा धरून राजकारण बोलू नये. तो बिचारा उत्तर कसं देणार? मी वही दिलीय ना, त्यात लिहा काय ते." वही तिने जाताना दिली होती. तिच्या देशात एक नदी आहे, भांगासारखी सरळ, वरून खाली. ती पहिल्या पानावर काढून मध्ये पूल, पुलाच्या डावीकडे एक फुली, आणि खाली लिहिलंय, 'मी इथे आहे. काळजी करू नका.' बाकी वही कोरी.

तर आता जगाचा निकाल इथे लावायचा. वहीला दाढी नाही हे एक बरं आहे.

६ मार्च

आज तहाच्या बोलण्यांसाठी दोन पुढारी एका टेबलाशी बसलेले दाखवले. हे ठकीच्या देशाचे आणि त्यांच्या शेजारच्या देशाचे. एकाचे कल्ले वरखाली होते, डावा उजव्यापेक्षा बोटभर लांब. ज्याला आपल्या कारागिराला 'जरा बघ रे' म्हणता येत नाही तो तह काय पाळणार? मी हे मोठ्याने बोललो नाही. फक्त सरांना सांगितलं.

सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. रोज सकाळी साडेआठला दाढीला येतात, येताना पेपर आणतात, जाताना दुकानात ठेवून जातात. माणूस सज्जन. पण कुठल्याही गोष्टीवर ठाम म्हणून बोलायचं नाही अशी शपथ घेतलीय त्यांनी.

टीव्ही मागच्या भिंतीला आहे. खुर्चीतल्या माणसाला तो समोरच्या आरशात दिसतो, मलाही. पंधरा वर्षं मी बातम्या आरशातच वाचतो. आता उलटी अक्षरं मला सरळ अक्षरांपेक्षा भरभर वाचता येतात, ही कला कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आवाज मात्र कायम बंद, कारण वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि त्यांच्या मते त्यांच्या पेशंटांना आधीच पुरेसं टेन्शन असतं. आवाज नसला की चर्चेचे कार्यक्रम फार समजतात. सहा चौकटींत सहा तोंडं उघडमीट करतायत, आणि ऐकणारं एकही नाही.

घरी टीव्ही नाही. जुना बिघडला तेव्हा ही म्हणाली, "दिवसभर जग डोक्यावर घेऊन हिंडता, घरी तरी खाली ठेवा."

१० मार्च

फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली. बसचा कंडक्टर सकाळची फेरी संपवून येतो आणि टीव्हीसमोरच्या बाकावर ठाण मांडतो. महिन्यातून एकदा केस कापतो, बाकी सगळे दिवस सामने बघतो. पण पोरगा दिलदार आहे, येताना सगळ्यांसाठी चहा सांगून येतो, म्हणून चालतं.

आज त्याच्याशी जुंपली. पिवळ्या शर्टातल्या त्या नव्या खेळाडूने काय गोल मारला! मी म्हटलं, "डाव्या पायाची माणसं वेगळीच असतात." कंडक्टर म्हणतो, "काका, उजव्या पायाने मारला त्याने." मी म्हटलं, "अरे, मी डोळ्यांनी बघितलं." तो म्हणतो, "मग मी काय कानांनी बघतो?" शेवटी सरांना विचारलं. ते खुर्चीत होते, तोंडाला साबण. हसले आणि म्हणाले, "दोघंही बरोबर आहात." दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी असली माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

एकदा खेळाडू बघून ठेवला की मी चुकत नाही. डावखुराच आहे तो.

१४ मार्च

जे होऊ नये ते झालं. तह फिसकटला. कल्ल्यांवरून मी सांगितलं होतं ते खरं ठरलं, पण खरं ठरल्याचा आनंद काडीचा नाही. ठकीच्या देशात काल पहाटे रणगाडे घुसले.

सकाळपासून हात कामात आणि जीव आरशात. खालच्या पट्टीवर नुसतं 'नदीकाठी जोरदार चकमकी' एवढंच सरकतंय. कुठला काठ ते सांगायला यांच्या जिभेला काय होतं? पेपरातही तेवढंच, तेव्हा ते आपणच बघायचं. मग नकाशा दाखवला. छोटा, दोन देशांची नावं आणि मधोमध नदी. ठकीचं गाव एवढंसं, त्याचं नाव कोण लिहितो. पण जिथे शत्रू शिरलाय तो भाग लाल केला होता. लाल डाग नदीच्या उजवीकडे. मी ही वही दुकानात नेली होती, पहिलं पान उघडून ताडून पाहिलं. ठकी डावीकडे. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग दहा वेळा पाहिलं.

घरी येऊन हिला सांगितलं, "आपली लेक चांगल्या बाजूला आहे." हिने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "लढाईला चांगली बाजू असते का हो?" बायकांना नकाशा कळत नाही.

१७ मार्च

आज सकाळी सातला फोन. इस्पितळाच्या कचेरीतून, तोही दोन मिनिटांसाठी. तिकडून इकडे लागतो, इकडून तिकडे लागत नाही.

"बाबा, इथे वीज नाही, टीव्ही नाही. तोफांचे आवाज दोन्हीकडून घुमतात. कोणी म्हणतं आपल्याच काठाने येतायत, कोणी म्हणतं पलीकडून. दुपारी एक बस पुलावरून पलीकडे जाणार आहे, ज्यांना जायचं त्यांनी जा म्हणालेत. माझी बॅग भरलीय. तुम्ही टीव्ही बघताय ना? लाल कुठल्या बाजूला दाखवतात?"

मी म्हटलं, "उजवीकडे. तू डावीकडे. पूल ओलांडलास तर स्वतःहून वाघाच्या तोंडात जाशील. जिथे आहेस तिथून हलू नकोस."

"नक्की ना बाबा?"

"अगं, चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघतोय."

म्हणाली, "बरं. मग थांबते." फोन तुटला.

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. आयुष्यभर सगळ्यांनी मला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणून हिणवलं. आज एवढ्या लांबून लेकीने विचारलं आणि मला उत्तर ठाऊक होतं. हिला म्हटलं, "बघ, माझ्या टीव्हीचा उपयोग झाला की नाही?" ही म्हणाली, "जेवली का ते विचारलंत?"

नाही विचारलं.

१८ मार्च

दुकानात सगळ्यांना सांगितलं. सर खुर्चीत होते, डाव्या गालावर वस्तरा चालू होता. मी म्हटलं, "काल तिला वेळेवर थांबवलं म्हणून बरं, नाहीतर बसमध्ये बसून गेली असती लाल बाजूला." सरांनी एकदम मान वळवली, पार मागे, टीव्हीकडे. वस्तरा गालाला असताना! शिकलेला माणूस असं करतो? जरा कापलंच. तुरटी फिरवली तरी रक्त थांबेना. मी चिडलो, पण त्यांचं लक्षच नव्हतं. विचारतात, "तिला उलट फोन लागतो का हो?"

"नाही लागत."

"आणि पूल?"

कंडक्टर बाकावरून म्हणाला, "आज पहाटे पाडला, सर. आत्ताच दाखवला."

मी म्हटलं, "पाडला? सुंठीवाचून खोकला गेला. आता पलीकडचे अलीकडे येणार नाहीत."

मेहुण्याने कैची ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला काय झालं कोण जाणे. माणसाला चांगली बातमी सांगावी तर असली तोंडं करून बसतात.

सर जाताना माझा हात हातात धरून उभे राहिले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, मग नुसतं "येतो" म्हणाले.

२२ मार्च

फोन नाही.

लोकांना झालंय तरी काय? तिकडे जग जळतंय आणि कंडक्टर आला की आधी रिमोट उचलतो आणि फुटबॉल लावतो. सामना नसेल तर जुना सामना, तोही नसेल तर पोहणं. आज तर दोन बाया जाळ्यावरून पिसाचं फूल एकमेकींकडे टोलवत होत्या, तेच पाऊण तास बघत बसला. मी म्हटलं, "अरे, बातम्या लाव की." म्हणतो, "काका, लाइट कमीजास्त होतोय, बातम्यांचं चॅनेल नीट येत नाही." लाइटचा आणि चॅनेलचा काय संबंध?

सरांच्या पेपरला पहिलं पान नव्हतं. म्हणाले, नातवाच्या वहीला कव्हर घातलं. काल म्हणाले, कपाटात अंथरलं. परवा त्याच्यावर चहा सांडला होता. भूगोल शिकवणारा माणूस, आणि ऐन लढाईत पहिल्या पानाची ही किंमत! मला अशा माणसांची कीव येते.

ही रोज सकाळी सातला फोनजवळ खुर्ची ओढून बसते. साडेसातला उठते.

२४ मार्च

फोन नाही. सात दिवस झाले.

मी स्वतःला समजावतो, की लाईन तुटली असेल, तेल संपलं असेल, जनरेटर बंद असेल. ती चांगल्या बाजूला आहे, मी बघितलंय. तरी रस्त्याने जाताना कुणाच्याही घरात फोन वाजला की माझे पाय थांबतात.

आज कंडक्टरने लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत लावली होती. पुढे असलेला पोरगा शेवटच्या वळणावर कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. मी बघत राहिलो आणि गिऱ्हाइकाच्या कानाला कैची लागली. थोडंसंच, पण रक्त ते रक्त. तीस वर्षांत माझ्या हातून कान कापला गेला नव्हता. मेहुण्याने माझ्या हातातून कैची घेतली, मला बाकावर बसवलं आणि ते डोकं स्वतः पुरं केलं. मी बाकावर बसून त्याचा चेहरा बघत होतो. माझ्याकडे बघायचं टाळत होता.

बाकावर बसल्यावर पडदा समोरच होता. पण त्यावर शर्यत होती.

२६ मार्च

मंगळवार, दुकान बंद. हिचा चष्मा तयार झाला होता म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. त्याच्या भिंतीवर मोठा टीव्ही, आणि त्यावर बातम्या! आठ दिवसांनी बातम्या बघायला मिळाल्या. सरळ अक्षरं वाचायला मला जरा वेळ लागतो, पण लागली एकदाची. मग नकाशा आला. लाल डाग चांगलाच पसरलाय, नदीला येऊन टेकलाय. पण डावीकडे.

मी दुकानदाराला म्हटलं, "तुमच्या टीव्हीत नकाशा उलटा दाखवतायत." तो म्हणाला, "उलटा कसा असेल?" मी म्हटलं, "अहो, मी रोज बघतो, लाल उजवीकडे आहे. काहीतरी बटण दाबलं गेलंय तुमच्याकडून." तो हसायला लागला. म्हणतो, "काका, आलाच आहात तर डोळे तपासून घ्या." मी त्याला बरंच सुनावलं. धंद्याला बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाची टिंगल करू नये, वगैरे. ही माझी बाही ओढत होती.

घरी आलो तरी डोकं तापलेलंच. चहा घेतला. वही उघडून हे एवढं सगळं लिहिलं, त्या दुकानदाराला मनातल्या मनात आणखी चार शिव्या घातल्या, आणि 'सरळ अक्षरं' हे दोन शब्द लिहिलेले पुन्हा वाचले.

मग चाव्या घेऊन दुकानात गेलो. टीव्ही लावला. माझ्या जागेवर, खुर्चीच्या मागे उभा राहिलो. आरशात लाल उजवीकडे. मागे वळलो. लाल डावीकडे. पुन्हा आरशात. उजवीकडे. पुन्हा वळलो.

अक्षरं उलटी दिसतात हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. त्याची फुशारकी मारलीय मी. मग नकाशा काय सरळ दिसणार होता? एवढं लहान मुलाला कळलं असतं. नदी भांगासारखी सरळ. आरशात बघून भांग कुठल्या बाजूला पडला ते मी दिवसातून वीस वेळा सांगतो, आणि एकदाही चुकत नाही.

माझी पोर बॅग भरून बसली होती. नक्की ना बाबा, म्हणून विचारलं होतं तिने. मी तिला थांबवलं. मी. मीच.

दुकानात एकट्याने ओरडलो बहुतेक. वरून डॉक्टरीणबाई जिना उतरून आल्या आणि मला पाणी दिलं.

२७ मार्च

सर नेहमीच्या वेळी आले. मी खुर्ची पुसलीच नाही. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

ते उभेच राहिले. म्हणाले, "हो."

"कंडक्टरला?"

"त्यालाही. आणि यांनाही." मेहुण्याकडे बघून म्हणाले.

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक, एक मी सोडून! मी इथे नाचतोय पूल पडला म्हणून, आणि तुम्ही बघताय! केसाने गळा कापलात माझा."

सर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तेव्हा पूल पडलेला होता. फोन लागत नव्हता. तुम्हाला सांगून तिचं काय बदललं असतं? फक्त तुमचं बदललं असतं. आम्हाला वाटलं, तिचा फोन येईपर्यंत तरी…" त्यांनी पिशवीतून पेपरची पहिली पानं काढली, घड्या घातलेली, तारखेप्रमाणे लावलेली. नातवाची वही नाही, कपाट नाही, चहा नाही. मी ती घेतली नाहीत. मग घेतली.

मेहुणा म्हणाला, "भावजी, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण दुकान उघडं ठेवा. ताईला घरी एकटीला हे तोंड दाखवू नका."

हे त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं भाषण. शिव्या दिल्या मी. दोघांनाही, आणि नंतर आलेल्या कंडक्टरलाही. तो रडायलाच लागला. मग मलाच त्याला बस म्हणावं लागलं.

संध्याकाळी हिला सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. ती खिडकीशी उभी होती, नवा चष्मा घालून. वाटलं, आता बोलेल, भांडेल, काहीतरी फेकेल. काही नाही. एवढंच म्हणाली, "फोन आला की आधी हे तिला सांगायचं. मग बाकीचं." आणि पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

जर फोन आला तर, असं ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

२९ मार्च

ही दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, समोर ठेवते. काल पाणी मागितलं तर तांब्या आणून आदळला. मला बरं वाटलं, निदान आवाज तरी झाला.

आता बातम्या मी बाकावर बसून बघतो, समोर तोंड करून. अक्षरं जुळवत वाचतो, पहिलीतल्या पोरासारखा. कंडक्टर शेजारी बसतो. आज अंतिम सामना होता. तो म्हणाला, "काका, लावायचा नाही." मी म्हटलं, "लाव रे, त्या पोरांनी काय केलंय?" पिवळ्या शर्टातल्याने पुन्हा गोल मारला. उजव्या पायाने. कंडक्टरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

३० मार्च

संध्याकाळी सहाला फोन वाजला. हिने उचलला, 'ठके' म्हणाली आणि तोंडाला पदर लावून फोन माझ्यापुढे धरला. तिचे डोळे माझ्यावर रोखलेले.

मी म्हटलं, "ठके, आधी ऐक. मी तुला चुकीचं सांगितलं. लाल तुझ्याच काठाला होतं. मी आरशात बघत होतो."

मला वाटलं तुटला.

"ठके?"

"माहितीय बाबा. त्याच संध्याकाळी कळलं. बस गेली आणि तीन तासांनी पहिला गोळा आमच्या धुलाईच्या खोलीवर पडला."

"तुला लागलं का?"

"मला नाही. दोघींना लागलं."

"मग इतके दिवस फोन… लाईन बंद होती ना?"

"लाईन चालू होती बाबा. रोज दोन मिनिटं मिळत होती. मीच केला नाही. माझ्या खोलीतली मैत्रीण त्या बसने गेली, ती पलीकडे सुखरूप आहे. मी तुमचं ऐकलं. फोन केला असता तर मी तुम्हाला असं काहीतरी बोलले असते, की नंतर ते पुसता आलं नसतं."

मी म्हटलं, "बोल. आत्ता बोल." काय म्हणणार दुसरं?

"आत्ता वेळ नाही. उद्या पहाटे आजाऱ्यांच्या गाड्या उत्तरेच्या रस्त्याने निघणार आहेत. जागा आहे. पण त्या रस्त्यावर काल गोळीबार झाला. नाहीतर इथे तळघरात थांबायचं, तिथे पाणी दोन दिवसांचं आहे. तुम्हाला काय वाट…" आणि थांबली. सवयीने विचारून गेली होती, तिचं तिलाच कळलं.

त्या रस्त्याबद्दल मी परवाच वाचलं होतं. पहिल्या पानावर, सरळ अक्षरांत. मत होतं माझ्याकडे. जिभेच्या टोकावर होतं.

म्हटलं, "मला माहीत नाही, ठके."

जन्मात मी हे वाक्य कुणाला बोललो नव्हतो.

हिने फोन काढून घेतला. विचारलं, "जेवलीस?" मग विचारलं, "तुला तिथून काय दिसतंय?" ठकी काय काय सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. ही नुसती 'हं, हं' करत होती. शेवटी म्हणाली, "मग तुला दिसतंय तसं कर, बाळा." आणि दोन मिनिटं संपली.

गाडीने निघणार आहे म्हणे. ही माझ्याशी बोलली त्यानंतर. "पाणी हवंय?" एवढंच.

३१ मार्च

फोन नाही. दुकान उघडलं. तीन दाढ्या, दोन कटिंग. काही आठवत नाही.

१ एप्रिल

पट्टीवर 'उत्तरेच्या रस्त्यावर वाहनांवर हल्ला'. कुठली वाहनं ते सांगत नाहीत. सर दुपारभर माझ्याजवळ बसून होते, पेपर न उघडता. मला त्यांचा राग उरलेला नाही. त्यांनी ते आठ दिवस कसे काढले असतील ते मला आता कळतंय. मला कोणी सांगेल का, की काळजी करू नका, ती चांगल्या बाजूला आहे? खोटं असलं तरी चालेल.

२ एप्रिल

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी घाईघाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही.

पोचली. पलीकडे, उत्तरेला दुसरा पूल आहे, त्यावरून. मधल्या गाडीत होती. पुढच्या गाडीला लागलं, तिच्या नाही. एका शाळेत ठेवलंय सगळ्यांना. अंगावरच्या कपड्यांनिशी आलीय, बॅग तिकडेच राहिली.

हिच्याशी चार मिनिटं बोलली, तिथे पाच देतात. मी दारात उभा. हिला हसू येत होतं आणि रडूही, आणि मध्येच विचारत होती की मोजे आहेत का पायात. मला वाटलं, संपवतील आता. मागायचं धाडस होईना. मग हिने फोन माझ्या हातात दिला.

"ठके."

"बाबा, बरे आहात ना?"

"मी बरा आहे."

मागे लहान मुलं रडत होती, कोणीतरी नावं पुकारत होतं.

ती म्हणाली, "बाबा, मी अजून रागावलेलीच आहे. खूप. कधी जाईल माहीत नाही. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "नको बोलूस."

"मग ठेवू फोन?"

म्हटलं, "राग राहू दे गं. फोन ठेवू नकोस."

ती काही बोलली नाही. मीही नाही. पण फोन तिने ठेवला नाही. मिनिट संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, ती तिकडे श्वास घेत होती आणि मी इकडे ऐकत होतो.